कन्सोलमध्ये डिस्क १०० जीबी, सर्व्हरवर अजून ३९च. घोडं कुठं पेंड खातंय?

उसनी_रूटवाली (रात्री १:४०)

आधीच सांगते, फोनवरून लिहितेय आणि कीबोर्ड मराठीवर आहे. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, समजून घ्या.

सर्व्हर माझा नाही. म्हणजे आता माझाच. ज्याने उभा केला तो नोकरी सोडून गेला आणि जाताना पासवर्डची फाइल आणि "सगळं डॉकरमध्ये आहे, काळजी नको" एवढं वाक्य ठेवून गेला. मी मूळची फ्रंटएंडवाली. उबुंटू २२.०४, एकच डिस्क ४० जीबीची, आणि तिच्यावरच सगळा संसार: ऑपरेटिंग सिस्टिम, अ‍ॅप, पोस्टग्रेस.

रात्री अकराला पोस्टग्रेसने, म्हणजे आमच्या डेटाबेसने, मान टाकली. लॉगमध्ये "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". डीएफ -एच (डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) केलं तर ३९ जी पैकी ३९ जी, मोकळी शून्य, १०० टक्के. म्हटलं ठीक आहे, क्लाउड आहे, वाढवू. कन्सोलमध्ये ४० चे १०० केले, दोन मिनिटांत हिरवी टिकमार्क आली. डीएफ जिथल्या तिथे. रीबूट केलं. तरी तेच. आता पोस्टग्रेसचा कंटेनर (डॉकरचा डबा, ज्यात तो चालतो) दर मिनिटाला उठतोय आणि पडतोय.

एलएसबीएलके (डिस्क आणि तिच्यावरच्या भागांची, म्हणजे पार्टिशनची, यादी) असं दाखवतंय:

एनव्हीएमई०एन१ : १०० जी
पी१ : ३९.९ जी, माउंट /
पी१४ : ४ एम
पी१५ : १०६ एम, माउंट /बूट/ईएफआय

शोधून ग्रोपार्ट नावाची, पार्टिशन वाढवणारी कमांड सापडली, ती चालवली तर तीसुद्धा "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" म्हणते. जागा वाढवायलाच जागा नाही! हसावं की रडावं कळेना. शिवाय पी१ च्या पुढे पी१४ आणि पी१५ बसलेत, म्हणजे पी१ ला पसरायला वाटच नाही ना? ते दोन्ही उडवू का?

एक गोष्ट केली तीही सांगते. व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स मध्ये २१ जीबीची एक जेसन लॉग फाइल सापडली, ती आरएमने (डिलीट कमांडने) उडवली. डीएफ तसूभर हललं नाही. त्यानंतर कशालाच हात लावायची हिंमत होत नाहीये.

झटपट_उपाय (१:४८)

पोस्टग्रेसच्या पीजी_वॉल फोल्डरमधल्या जुन्या फाइल उडवा. एक-दोन जीबी लगेच मिळेल, मग ग्रोपार्ट चालेल. मी एकदा केलंय.

खिळेमोळे (१:५५)

ताई, वरचं वाचलं असेल तर विसरा. पीजी_वॉलला हात लावायचा नाही. त्या फाइल म्हणजे डायरी नाही, डेटाबेसचं जमाखर्चाचं कच्चं खातं आहे. पोस्टग्रेस पडल्यावर पुन्हा उठताना तेच वाचून स्वतःला सावरतं. आवृत्ती ९.६ पर्यंत त्या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं. नावात 'लॉग' दिसला की लोक बिनधास्त साफ करायचे, म्हणून २०१७ मध्ये आवृत्ती १० आली तेव्हा नावच बदललं. झटपटराव, तुमचं चाललं ते तुमचं नशीब.

आणि पी१४, पी१५ उडवू नका! एक बूटसाठी, दुसरं ईएफआयसाठी. ती गेली तर सर्व्हर उठणारच नाही, मग जागेचा प्रश्न कायमचा सुटेल.

आता मूळ मुद्दा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. तुमचं उलटं झालंय. आडात पाणी आलंय, पोहरा वर यायचा राहिलाय. कन्सोलमध्ये तुम्ही वाढवली ती नुसती डिस्क. तिच्यावर पार्टिशन आहे, त्याच्या सीमा पार्टिशन टेबलमध्ये लिहिलेल्या आहेत, आणि तिथे अजून ४० च लिहिलंय. त्या पार्टिशनच्या आत ईएक्सटी४ फाइलसिस्टिम (कुठली फाइल कुठे ठेवली याची मांडणी) आहे, तिचा स्वतःचा हिशोब वेगळा. डीएफ फक्त तिलाच विचारतं. तीन ठिकाणी तीन वेगळे तलाठी, आणि एकाने दुसऱ्याला कळवायची पद्धत नाही.

एरवी रीबूटने काम भागतं, कारण क्लाउड-इनिट (क्लाउड सर्व्हर उठताना चालणारा तयारीचा प्रोग्रॅम) प्रत्येक बूटला ग्रोपार्ट आणि पुढचं सगळं आपणहून करून टाकतं. तुमच्याकडे तेही त्याच दगडाला ठेचकाळलं. ग्रोपार्ट आधी /टीएमपी (तात्पुरत्या फाइलींची जागा) मध्ये एक छोटं फोल्डर बनवतं, जुन्या टेबलची प्रत तिथे ठेवतं, मगच पुढे जातं. तुमची /टीएमपी त्याच भरलेल्या डिस्कवर. फोल्डर बनत नाही, म्हणून काम थांबतं.

त्यावर तोड सोपी आहे. /टीएमपी थोडा वेळ रॅममध्ये न्यायची. क्रमाने असं करा:

पहिलं, पोस्टग्रेसचा कंटेनर डॉकर स्टॉपने थांबवा. उठबस बंद होऊ द्या.

दुसरं, कन्सोलमधून डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घ्या. एरवी चालत्या डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावरची अवस्था असते. आज डेटाबेस बंदच आहे, आयती संधी आहे. हे टाळू नका.

तिसरं: सुडो माउंट -टी टीएमपीएफएस -ओ साइझ=१०एम टीएमपीएफएस /टीएमपी

चौथं: सुडो ग्रोपार्ट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१ १

इथे डोळे उघडे ठेवा. 'एन१' नंतर जागा सोडून १. डिस्क वेगळी, पार्टिशनचा आकडा वेगळा. चिकटवून पी१ लिहिलंत तर चालणार नाही.

पाचवं: सुडो रिसाइझ२एफएस /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१

आणि इथे नेमकं उलटं, चिकटवूनच लिहायचं, कारण फाइलसिस्टिम पार्टिशनच्या आत आहे. डीएफमध्ये तुम्हाला पहिल्या रकान्यात /डेव्ह/रूट दिसत असेल. ते नाव इथे देऊ नका, त्या नावाची फाइल सापडत नाही म्हणून कमांड परत फिरेल. ईएक्सटी४ माउंट असतानाही वाढते, त्यामुळे रीबूट नको, अनमाउंट नको.

उसनी_रूटवाली (२:०३)

थांबा, पी१४ आणि पी१५ मध्ये येत नाहीत हे कसं? यादीत तर पी१ च्या नंतर आहेत.

खिळेमोळे (२:०९)

यादीतला क्रम नावांचा आहे, डिस्कवरचा नाही. सुडो एफडिस्क -एल करून 'स्टार्ट'चा रकाना बघा. पी१४ सुरू होतं २०४८ व्या सेक्टरवर, पी१५ सुरू होतं १०२४० वर, आणि पी१ सुरू होतं २२७३२८ वर. म्हणजे दोन्ही छोटी पुढच्या दारात बसलीत आणि पी१ सगळ्यात मागे परसात. मागे ६० जीबीचं मोकळं रान. मुद्दामच तशी रचना असते, पुढे वाढवता यावं म्हणून.

खरी अडचण येते ती रूट पार्टिशनच्या (इथे पी१) पाठीमागे स्वॅप पार्टिशन (रॅम कमी पडली की वापरायची जागा) करून ठेवलेलं असेल तर. तेव्हा ग्रोपार्ट 'नोचेंज' म्हणून हात वर करतं. मग स्वॅपऑफ करा, ते पार्टिशन काढा, एफस्टॅबमधली (बूटला काय माउंट करायचं त्या यादीतली) त्याची ओळ काढा, आणि नंतर स्वॅप हवाच असेल तर फाइलमध्ये बनवा. तुमच्याकडे ती भानगड नाही.

कुणी तुम्हाला एफडिस्कने पार्टिशन डिलीट करून मोठं बनवायला सांगेल. होतं त्याने, पण मी एकदा चांगला पोळलोय. जुन्या इमेजवर पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू होतं. नव्या एफडिस्कने मुकाट्याने २०४८ सुचवलं, मी मुकाट्याने एंटर दाबलं. रीबूट केल्यावर काळा पडदा. वाचलो ते एवढ्यासाठी की दुसऱ्या खिडकीत जुनं आउटपुट वर स्क्रोल करून सापडलं. त्यातला ६३ बघून टेबल पुन्हा लिहिलं आणि डेटा जसाच्या तसा परत. डेटा हलला नव्हताच, फक्त दारावरची पाटी चुकली होती. पण तो पाऊण तास मी आयुष्यातून वजा केलाय.

उसनी_रूटवाली (२:३८)

झालं!!

ग्रोपार्टने 'चेंज्ड' म्हटलं, स्टार्ट २२७३२८ तोच राहिला (आधी आणि नंतर दोनदा तपासला, काळा पडदा डोळ्यासमोर होता). रिसाइझ२एफएसला दोन सेकंदही लागले नाहीत. डीएफ म्हणतं ९७ जी, वापर ३९ जी. पोस्टग्रेस उठला, थोडा वेळ कण्हला आणि चालू झाला. खिळेमोळे काका, तुम्ही काका नसाल तर माफ करा, पण आज रात्रीपुरते आहात.

पण २१ जीबीची फाइल उडवूनही वापर ३९ च कसा?

पहाटेचा_ऑनकॉल (२:५२)

फाइल उडालेली नाही, फक्त नाव उडालंय. डॉकरच्या डीमनने (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमने) ती उघडी धरून ठेवली आहे, आणि लिनक्समध्ये शेवटचा धरणारा हात सुटेपर्यंत जागा परत मिळत नाही. सुडो एलएसओएफ +एल१ (उघड्या फाइल दाखवणारी कमांड, इथला एल कॅपिटल) करा. 'डिलीटेड' असं लिहिलेली एक ओळ दिसेल, आकार साधारण २१ जीबी. तिथून दोन आकडे टिपा, प्रोसेसचा पीआयडी (तिचा नंबर) आणि फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा नंबर). समजा १२३४ आणि ४५ आले. मग रूट होऊन ती फाइल रिकामी करा:

ट्रंकेट -एस ० /प्रॉक/१२३४/एफडी/४५

जागा तिथल्या तिथे सुटते. नाहीतर तो कंटेनर रीस्टार्ट केला तरी सुटेल, पण अडीच वाजता चालतं काही बंद करू नये असं माझं मत आहे.

पुढच्या वेळी चालू लॉगवर आरएम नाही, थेट ट्रंकेट. आणि ती फाइल भरली कशी ते बघा. डॉकरच्या जेसन लॉगला मुळात मर्यादाच नसते, आपण घालायची असते. ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन मध्ये मॅक्स-साइझ आणि मॅक्स-फाइल लिहा, १० एम आणि ३ पुरतात. पण ती फक्त नव्याने बनवलेल्या कंटेनरला लागू होते. जुने नुसते रीस्टार्ट करून उपयोग नाही, काढून परत बनवावे लागतील.

शून्य_जास्त_पडलं (सकाळी ७:२०)

धागा आता वाचला. काम झालंय हे बघून बरं वाटलं, पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही. वाढवणं एका क्लिकचं, कमी करणं नाहीच. माझं हे नाव उगाच नाही. ५० च्या जागी ५०० टाइप झालं, एंटर दाबलं, आणि कन्सोलमध्ये मागे जायचा रस्ताच नव्हता. क्लाउडवाले डिस्क छोटी करू देत नाहीत. ईएक्सटी४ निदान अनमाउंट करून आवळता येते, पण खालची डिस्क तेवढीच राहते, मग आवळून करता काय? शेवटी ५० ची नवीन डिस्क जोडली, आरसिंकने सगळं हलवलं, एफस्टॅबमध्ये यूयूआयडी (डिस्कची ओळख) बदलली, जुनी डिस्क सोडवली. तेवढ्यात बिल वाढलं ते वाढलंच.

म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी कोण खातंय ते शोधायचं, मग वाढवायचं. ताईंच्या केसमध्ये २१ जीबीचा लॉग आधीच नीट सुटला असता तर १०० करायची गरजच नव्हती.

खिळेमोळे (७:४५)

शून्यराव, तत्त्वतः पटतं. पण डेटाबेस पडलेला असताना रात्री दीड वाजता डीयू चालवत कुठलं फोल्डर किती खातंय बघत बसायचं? आधी श्वास, मग निदान. ६० जीबी जास्त गेले तर गेले. ५०० ची गोष्ट वेगळी, मान्य.

पट्टीचा_एलव्हीएमवाला (८:१०)

ज्यांच्याकडे एलव्हीएम आहे ते हा धागा वाचून गोंधळतील, म्हणून लिहितो. तुमच्याकडे मधे आणखी थर असतो. ग्रोपार्टनंतर पीव्हीरिसाइझ, मग एलव्हीएक्सटेंड -आर -एल +१००%फ्री (आर आणि एल दोन्ही लहान लिपीत). त्यातला -आर फाइलसिस्टिमसुद्धा वाढवतो, वेगळी कमांड लागत नाही. फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल आणि हाताने करायचं असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएस, आणि तिला डिव्हाइस नाही, माउंट पॉइंट द्यायचा, म्हणजे नुसतं / .

आणि एमबीआर (जुन्या पद्धतीचं पार्टिशन) टेबल असलेल्या जुन्या डिस्कवाल्यांनो, २ टीबीच्या पुढे कितीही वाढवा, पार्टिशन तिथेच अडतं. सेक्टरचा आकडा ३२ बिटांत लिहिला जातो, सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार करून बघा. त्यापुढे नव्या पद्धतीचं टेबल, जीपीटीच लागते.

माझं वैयक्तिक मत: पोस्टग्रेस रूटच्या डिस्कवर ठेवणं हीच मूळ चूक. डेटाला वेगळी डिस्क द्या, आणि तिच्यावर पार्टिशनच करू नका, सरळ पूर्ण डिस्कवर ईएक्सटी४. वाढवायची वेळ आली की कन्सोल आणि रिसाइझ२एफएस, बस. ग्रोपार्टचा प्रश्नच येत नाही. एफस्टॅबमध्ये यूयूआयडी आणि नोफेल मात्र लिहा, नाहीतर डिस्क जोडायची राहिली तर सर्व्हर बूटलाच अडून बसेल.

पहाटेचा_ऑनकॉल (८:२५)

पार्टिशन नसलेली डिस्क बघून पुढचा माणूस ती रिकामी समजतो आणि फॉरमॅट मारतो. मी पाहिलंय. तरी वेगळी डिस्क हवी, हे शंभर टक्के.

झटपट_उपाय (९:००)

एक शंका. ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के जागा रूट युजरसाठी राखीव असते ना? ४० जीबीवर २ जीबी होते. मग ग्रोपार्ट सुडोने चालवूनही जागा कशी संपली?

खिळेमोळे (९:१२)

आता विचारलंत काहीतरी कामाचं. ५ टक्के हा नेहमीचा आकडा, पण इमेज बनवणारा तो शून्यही करू शकतो. ताई, वेळ मिळाला तर सुडो ट्यून२एफएस -एल पार्टिशनवर चालवा आणि 'रिझर्व्ड ब्लॉक काउंट' सांगा. राखीव जागा असती तरी भरवसा नव्हता म्हणा. डॉकरचा डीमन रूट म्हणूनच चालतो, त्याच्या लॉगने तीही खाल्ली असती. बिचारा पोस्टग्रेस साधा युजर, त्याचा श्वास आधी कोंडतो.

उसनी_रूटवाली (११:३०)

झोपून उठले. रिझर्व्ड ब्लॉक काउंट: ०. बरोबर ओळखलंत.

ट्रंकेटही केलं. आता ९७ पैकी वापर १८, मोकळी ७९, १९ टक्के. लॉग का भरला तेही सापडलं. कुणीतरी वर्कर डीबगवर ठेवून प्रत्येक रिक्वेस्टचा अख्खा मजकूर छापायला लावला होता. 'कुणीतरी' म्हणजे मीच, असं गिट सांगतंय. एक बग शोधताना केलं होतं आणि काढायचं राहिलं. इतके दिवस मनातल्या मनात त्या गेलेल्या माणसाला बोल लावत होते, ते शब्द परत घेते. डीमन.जेसनमध्ये मर्यादा घातली, कंटेनर नव्याने बनवले. वेगळ्या डिस्कचं शनिवारी बघते.

उसनी_रूटवाली (दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:५०)

मी परत आलेय. रात्रीचा बॅकअप पडला. कारण सांगू? "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस." डिस्क १९ टक्क्यांवर आहे, आयनोडही (फाइलींच्या नोंदींची जागा) बघितले, डीएफ -आय म्हणतं ६ टक्के. वेड लागायची वेळ आलीय.

खिळेमोळे (७:०२)

बॅकअपची स्क्रिप्ट डंप (डेटाबेसची प्रत) आधी कुठे लिहिते? आणि डीएफ -एच पूर्ण बघा, फक्त पहिली ओळ नको.

उसनी_रूटवाली (७:०६)

/टीएमपी मध्ये.

टीएमपीएफएस, १० एम, वापर १० एम, १०० टक्के, माउंट /टीएमपी.

काका!

खिळेमोळे (७:०९)

सुडो अनमाउंट /टीएमपी. त्या कमांडच्या स्पेलिंगमध्ये पहिला 'एन' नसतो, 'यूमाउंट' असं लिहा. सहावी पायरी लिहायला मी विसरलो, चूक माझी. 'बिझी' म्हणाली तर आधी एलएसओएफ /टीएमपी करून कोण बसलंय ते बघा. अर्धवट डंप त्यातच गेला समजा, स्क्रिप्ट परत चालवा.

उसनी_रूटवाली (७:३१)

बिझी म्हणाली. माझंच दुसरं टर्मिनल /टीएमपी मध्ये उभं होतं. बाहेर काढलं, सुटली. बॅकअप चालू आहे, ४ जीबीपर्यंत पोहोचलाय.